बोधचिन्ह कुणी फोडलं?

१

सकाळी साडेआठला मी क्लबच्या इमारतीत पाऊल टाकलं आणि बुटाखाली काच कचकन वाजली. आमचं नवंकोरं बोधचिन्ह जमिनीवर पडलं होतं.

रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून केलेलं, पुरुषभर उंचीचं ते चिन्ह दोनच दिवसांपूर्वी दालनातल्या जिन्यावरच्या कमानीत बसवलं होतं आणि जांभळ्या कापडाने झाकून ठेवलं होतं. आज दुपारी बारा वाजता ते कापड ओढायचं, टाळ्या पडायच्या आणि या अवाढव्य शहराला स्वतःचा नवा व्यावसायिक फुटबॉल संघ मिळायचा, असा बेत होता. आता कापडही खाली होतं, काचाही खाली होत्या. आणि मालकीणबाईंच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक चेंडू होता.

"काचांच्या मधोमध पडला होता," त्या म्हणाल्या. "कुणालाही हात लावू दिलेला नाही. पुरावा आहे."

मालकीणबाईंचा फरश्यांचा कारखाना आहे. निम्म्या शहराचे पाय त्यांच्या फरशीवर पडतात. त्यांनी एकदा ठरवलं की ठरवलं.

मी तीस वर्षं फुटबॉलची रेफरी होते. खेळाडू पाठीमागे मला शिट्टीबाई म्हणतात. पुढ्यात नुसतं 'बाई' म्हणतात, कारण जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. निवृत्त झाल्यावर या संघाने मला नियमांची सल्लागार म्हणून ठेवून घेतलं. खोटं बोलणारा माणूस मला पन्नास पावलांवरून ओळखू येतो. पडल्यावर कोण खरा कण्हतोय आणि कोण एक डोळा माझ्याकडे ठेवून कण्हतोय, हे बघण्यातच माझी हयात गेली आहे.

दारात व्यासपीठाचे सुतार, माळी आणि निम्मा संघ डोकावत होता. दालनात आणखी चौघे उभे होते. कोच, हाताची घडी घालून. खेळाडूंचे कपडे, बूट, चेंडू सांभाळणाऱ्या किटवाल्या काकू, कमरेला किल्ल्या लावून. मालकीणबाईंचे जावई, म्हणजे आमचे जावईबापू. जावयाला दशमग्रह म्हणतात. आमच्याकडे तो ग्रह प्रसिद्धी विभागात होता. आणि सगळ्यांपासून जरा लांब, भिंतीला टेकून, मैदानाच्या कडेने खेळणारा आमचा विंगर, डावरा.

"यात शोधायचं काही नाही," कोच म्हणाले. "अंगणातून चेंडू मारायचा, उघड्या दारातून आत, मग हा मधला खांब, मग कमान. खांबाला वळसा घालून तो तिथे पोचवायचा तर डावा पाय हवा. आणि तसा डावा पाय या शहरात एकच आहे."

सगळ्यांनी डावऱ्याकडे पाहिलं.

"मी फोडलं नाही," तो म्हणाला. एकदाच.

डावऱ्याचं वय बत्तीस. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन वर्षं तो मालाची व्हॅन चालवत होता. सातशे जणांच्या निवड चाचणीतून वर आला आणि गेल्या आठवड्यात व्हॅनची नोकरी सोडून मोकळा झाला. आज बारा वाजता व्यासपीठावर त्याची सही व्हायची होती. या वयात दुसरा कुठला क्लब त्याला दारात उभा करणार नव्हता.

"फुटलं त्याचं दुःख नाही इतकं," मालकीणबाई म्हणाल्या, "पण तोंडावर खोटं बोलणारा माणूस मला संघात नको. बाई, तुम्हाला साडेअकरापर्यंत वेळ देते. नाहीतर याच्या कराराचा कागद मी स्वतः फाडीन."

२

आधी मी जमिनीकडे पाहिलं. माणसं बोलायला लागली की कथा सांगतात. जमीन बिचारी जे आहे तेच सांगते.

कापड जिन्याच्या पायथ्याशी पसरलं होतं आणि काचा त्याच्या वर पडल्या होत्या. बहुतेक तुकड्यांचा चुरा झाला होता. एक मात्र शाबूत होता. तळहाताएवढा, जांभळा, सहा कोनांचा, कडा सुबक. तो मी रुमालात गुंडाळून खिशात टाकला. कापड टांगायला वापरलेली लांब काठी, टोकाला पितळी आकडा असलेली, कोपऱ्यात उभी होती.

मग डावऱ्याला घेऊन अंगणात गेले.

"काल इथे काय करत होतास?"

"भिंतीवर मारत होतो. साडेसहा ते साडेसात. सुतार सातला गेले. नंतर मी एकटाच होतो."

"कुठल्या चेंडूने?"

"सरावाच्या. तो पिवळा. काकूंच्या जाळीत ठेवून घरी गेलो."

"आवाज नाही आला काच फुटल्याचा?"

"बाई, काल मैदानावर लाउडस्पीकर तपासत होते. माझ्या बुटाचा आवाज मला येत नव्हता."

ते खरं होतं. काल संध्याकाळी आमच्याकडे खुणांनीच बोलणं चाललं होतं.

"आणि समजा तुझ्याच पायाने फुटली असती, तर?"

त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "सांगितलं असतं. आणि वर हेही सांगितलं असतं की इथून तिथे चेंडू वळवून दाखवा बघू कुणी!"

मला हसू आलं. अंगात कला असलेला माणूस असंच बोलतो.

कोच अंगणातच घुटमळत होते. त्यांना बाजूला घेतलं.

"तुम्हाला डावरा नको होता ना संघात?"

"नको होता," त्यांनी एका झटक्यात सांगितलं. "बत्तीस वर्षांचा गुडघा मला मोसमभर पुरेल का, हा प्रश्न आहे. मालकीणबाईंनी चाचणी बघितली आणि हट्ट धरला. पण बाई, मी त्याला नको म्हणतो ते कागदावर. काचा फोडून नाही."

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

"स्पीकरवाल्यांशी भांडत होतो. सव्वाआठपर्यंत. त्या चौघांना विचारा, त्यांचे कान अजून दुखत असतील."

कोचना लपवायची सवय नव्हती. असे लोक रागाच्या भरात धसमुसळेपणा करतात, पण करून झाल्यावर उजळ माथ्याने पुढे येऊन उभे राहतात. मी आत गेले आणि मालकीणबाईंकडून ती पिशवी मागून घेतली.

"पण हात लावू नका," त्या म्हणाल्या.

"मालकीणबाई, तीस वर्षं चेंडू तपासलेत मी."

पिशवी उघडली, चेंडू बाहेर काढला आणि सवयीने त्यावर अंगठा दाबला.

अंगठा आत गेला.

३

चेंडूत हवा नव्हती. अगदी रिकामा नव्हता, गोल दिसण्यापुरती हवा होती. पण लाथ घातली असती तर 'थप्प' करून पाच पावलांवर बसला असता. शिशात जडवलेली काच राहू द्या, पापडसुद्धा मोडला नसता त्याने.

मी काकूंच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

"काकू, पंप काढा."

काकूंनी चेंडू हातात घेतला, दाबला आणि कपाळावर आठी आणली. "हा कुणी काढला बाहेर? अशा अर्ध्यापोटी चेंडूला मी खोलीबाहेर जाऊ देत नाही."

"काचेने टोचून हवा गेली असेल?"

त्यांनी हवा भरली, चेंडू बादलीतल्या पाण्यात दाबला. एकही बुडबुडा वर आला नाही.

"टोचलेला नाही. कारखान्यातून येतात ते असेच येतात. नव्या मॅचच्या चेंडूंचं खोकं काल दुपारी चारला आलं, बारा चेंडूंचं. वरच्या ऑफिसात ठेवलं. म्हटलं, आज सकाळी भरीन हवा, तर हे रामायण!"

"खोक्यात किती आहेत आता?"

"अकरा. मी आल्याआल्या मोजले."

"सरावाचे?"

"सगळे जाळीत. पिवळासुद्धा. डावरा माझ्या खोलीत चिखलाचे बूट घेऊन येतो म्हणून मी त्याला रोज शिव्या घालते, पण वस्तू जागेवर ठेवतो हो पोरगा."

"वरच्या ऑफिसाच्या किल्ल्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे. एक मालकीणबाईंकडे. एक जावईबापूंकडे, त्यांना चेंडूंचे फोटो काढायचे होते ना."

आता गंमत अशी होती की डावऱ्याकडे किल्लीच नव्हती. चेंडू त्याच्या हाती लागायचा संभव नाही. आणि लागला असता तरी, ज्याने आयुष्यात एकदा चेंडूला पाय लावला आहे तो आधी अंगठा लावतो. घरी आलेला पाहुणा जसा चपला काढतो, तसं ते आपोआप होतं. कोच, काकू, डावरा, मी, आम्ही कुणीही तो चेंडू हातात घेतला असता तर 'हवा नाही यात' म्हणून तिथल्या तिथे परत ठेवला असता. म्हणजे हा चेंडू दालनात आणणारा माणूस फुटबॉल कधीच खेळलेला नव्हता. सकाळपासून सगळे साप साप म्हणून भुई धोपटत होते.

पण कशासाठी? बोधचिन्हावर कुणाचा एवढा राग?

मी खिशातला जांभळा तुकडा काढला. काकूंच्या टेबलावर तो नवा चेंडू होता, पांढरा, मध्ये जांभळे ठिपके असलेला. सहज म्हणून काचेचा तुकडा मी चेंडूवरच्या जांभळ्या ठिपक्यावर ठेवून पाहिला. बसेना. फिरवून पाहिला, तरी बसेना.

मग मी चेंडूवरच्या ठिपक्याचे कोन मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले, आणि काकूंना म्हटलं, "सगळ्यांना दालनात बोलवा. आणि खोक्यातला आणखी एक चेंडू आणा. हवा न भरता."

४

अकरा वाजून दहा मिनिटांनी सगळे जमले. बाहेर मैदानावर लोक यायला लागले होते, त्यांचा कलकल आवाज आत येत होता.

"बाई, नाव सांगा," मालकीणबाई म्हणाल्या.

"सांगते. त्याआधी जरा चेंडू खेळू."

मी चेंडू कोचकडे टाकला. त्यांनी तो पकडला, दोन्ही अंगठ्यांनी दाबला आणि तोंड वाकडं केलं. "यात हवा कुठाय?" चेंडू काकूंकडे आला; त्या मला खूण करून हसल्या, पण अंगठा त्यांचाही गेलाच. काकूंनी डावऱ्याकडे टाकला. त्याने झेलला, दाबला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मार," मी म्हटलं. "त्या कमानीत."

त्याने चेंडू खाली ठेवला आणि डाव्या पायाने सणसणीत लाथ घातली. थप्प! चेंडू खांबापर्यंतसुद्धा पोचला नाही. जमिनीवर दोनदा लोळला आणि जावईबापूंच्या पायाशी थांबला. त्यांनी तो उचलला, दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि मान डोलावली.

"चांगला चेंडू आहे," ते म्हणाले.

कोच हळूच माझ्याकडे वळले. त्यांना कळलं होतं.

"काल हाच प्रकार झाला," मी म्हटलं. "अशा चेंडूने काच फुटत नाही. फुटली ती त्या पितळी आकड्याच्या काठीने. आधी कापड उतरवलं गेलं, म्हणून काचा कापडाच्या वर पडल्या. चेंडू लागून फुटली असती तर कापड तिथेच लोंबत राहिलं असतं, नाहीतर काचांच्या अंगावर येऊन पडलं असतं. काम करणाऱ्याकडे वरच्या ऑफिसाची किल्ली होती आणि त्याला चेंडूतली हवा कळत नव्हती. अशी माणसं इथे दोन."

"दोन?" मालकीणबाईंचा आवाज चढला. "म्हणजे मी पण?"

"तुम्ही पण. म्हणून तुम्हालाच विचारते. हे काय आहे?" मी रुमाल उघडून काचेचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी बोटाने कडा चाचपली. क्षणही लागला नाही. "ही तर आमची षटकोनी. कारखान्यातली सगळ्यात जास्त खपणारी फरशी. याच मापाची."

"ही बोधचिन्हातल्या चेंडूवरची आहे. आता खरा चेंडू बघा. त्याचा जांभळा तुकडा पाच कोनांचा असतो. पाचकोनी आणि षटकोनी एकमेकांत बसवले तरच चेंडू गोल होतो. नुसत्या षटकोनी जोडल्या तर काय होतं?"

"जमीन होते," मालकीणबाई सावकाश म्हणाल्या. "सपाट जमीन. चेंडू कुठला व्हायला!" मग त्यांनी मान वर केली. "मी मंजूर केलं तेव्हा कागदावर नुसता पांढरा गोळा होता."

"आत नक्षी नंतर कुणीतरी भरली. हाताशी जो आकार होता तोच भरला. फुटबॉलचं बोधचिन्ह करायला बसून त्यात फरशी घालणं, ही चूक जगात एकाच घराण्यात होऊ शकते. आणि कापड ओढल्याबरोबर ती सगळ्यात आधी तुमच्याच डोळ्यांत भरली असती. तुम्हाला चिन्ह आवडलं नसतं तर तुम्ही 'उतरवा' म्हणाला असता. हुकूम सोडता येतो त्याला काठी उचलावी लागत नाही. काठी त्याने उचलली, ज्याला तुमच्यासमोर 'चुकलं' म्हणायचा धीर नव्हता. नंतर डावऱ्यावर आळ यावा म्हणून त्याने चेंडू तिथे ठेवला."

"ठेवला नाही!" जावईबापू ओरडले. चेंडू अजून त्यांच्या पोटाशीच होता. "ठेवला नाही हो. राहिला."

५

मग त्यांनी सगळं सांगितलं. काल दुपारी चेंडूंचे फोटो काढताना त्यांचं लक्ष प्रथमच त्या पाच कोनांकडे गेलं होतं. बोधचिन्हातल्या चेंडूची नक्षी त्यांनीच भरली होती, सहा कोनांची. डावरा घरी गेल्यावर ते एक चेंडू घेऊन दालनात आले, काठीने कापड उतरवलं, चेंडू वर धरून ताडून पाहिलं.

"मला फक्त मधला चेंडू काढायचा होता. म्हटलं, वाहतुकीत तडा गेला म्हणून सांगू, दुसरा बसवून घेऊ. आकडा घातला आणि ओढला, तर सगळंच खाली आलं. काठी कोपऱ्यात टेकवली आणि पळालो. चेंडू हातातून कधी पडला तेही आठवत नाही."

माझं एक अनुमान चुकलं होतं, हे कबूल करते. पण तेवढंच.

"आणि सकाळी?" डावऱ्याने विचारलं. आवाज शांत होता. "सकाळी तुम्ही इथे माझ्यासमोर उभे होता."

जावईबापूंनी मान खाली घातली. "सगळे म्हणाले चेंडू, चेंडू... मी मूग गिळून बसलो."

मालकीणबाई खुर्चीवर बसल्या. मग त्या उठल्या आणि माझ्या अंदाजाप्रमाणे त्यांच्यातला कारखानदार जागा झाला.

"ठीक आहे. बाहेर सांगू, अपघात झाला. कमानीवर झेंडा लावा. डावऱ्या, तुझी सही ठरल्याप्रमाणे. यांचं काय ते मी घरी बघते."

"नको," डावरा म्हणाला.

"काय नको?"

"सही. अशी नको." तो एक पाऊल पुढे आला. "सकाळी तुम्ही मोठ्याने बोललात, मालकीणबाई. दारात सुतार होते, माळी होते, निम्मा संघ होता. आता बाहेरसुद्धा सगळ्यांना ठाऊक झालंय की डावऱ्याने काच फोडली आणि नाही म्हणतोय. अपघात म्हटलंत तर तो माझाच होणार. मी परत व्हॅन चालवीन. पण हे डोक्यावर घेऊन नाही खेळणार."

कोचनी घसा साफ केला. "तो बरोबर बोलतोय," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "आरोप पहिला मीच केला. माझंही नाव घ्या."

बारा वाजता मालकीणबाई व्यासपीठावर गेल्या. समोर खचाखच गर्दी. हातातलं भाषण त्यांनी घडी करून बाजूला ठेवलं.

"आमचं बोधचिन्ह काल फुटलं," त्या माईकवर म्हणाल्या. "त्यात चूक होती आणि ती चूक माझ्या घरातली होती. फोडणारा माझा जावई आहे. आज सकाळी मी, आमचे कोच, आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचा आळ एका खेळाडूवर घेतला. तो खरं बोलत होता, आणि मी त्याला चारचौघांत खोटारडा ठरवलं. चुकले मी. त्याला आमच्याकडून खेळायचं असेल तर इथे करार ठेवलाय. नसेल तर दोष माझा."

डावरा पायऱ्या चढून वर गेला, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सही केली. मग जो आरडाओरडा झाला, त्यापुढे कालचे लाउडस्पीकर काहीच नव्हते. कमानीतल्या बोधचिन्हाचं नावही कुणी काढलं नाही. जावईबापू मागे उभे राहून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होते, कान लालबुंद करून.

खाली उतरून डावरा माझ्याजवळ आला. मला वाटलं आभार मानेल. मी 'असू दे रे' म्हणायची तयारीही केली होती.

"बाई, एक विचारू? बारा वर्षांपूर्वी कामगारांच्या स्पर्धेची फायनल होती. तुम्ही मला लाल कार्ड दाखवलंत. मी लाथ मारली म्हणून."

"आठवतं."

"मी मारली नव्हती."

मला ठाऊक होतं. मी त्या वेळी दुसऱ्या बाजूला बघत होते. आरडाओरड ऐकून वळले आणि जो उभा दिसला त्याला कार्ड दाखवलं. दोनच दिवसांनी एकाने मला खरं काय ते सांगितलंही होतं. पण निर्णय दिला की दिला, असं म्हणून मी तो विषय मिटवला. आज सकाळी त्याला भिंतीला टेकलेला पाहिलं तेव्हा पहिलं तेच आठवलं होतं, आणि तुम्हालासुद्धा मी ते आत्तापर्यंत सांगितलं नाही.

व्यासपीठावर मालकीणबाई लोकांचे हात हातात घेत होत्या. मला त्या बाईचा हेवा वाटला.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तेव्हाच कळलं होतं मला. सांगायला हवं होतं."

डावऱ्याने मान हलवली. मग म्हणाला, "चला, संघाचा फोटो काढतायत. तुम्ही पण या."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रुमाल शोधला तर त्यात काचेचा चुरा होता, म्हणून तशीच जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.